चौदा बैलांची बंडी

दर्यापुरात 'सर्व्हर' हा शब्द 'डाऊन'शिवाय एकटा फिरताना मी कधी पाहिलेला नाही. विहीर म्हटलं की खारी, तसं सर्व्हर म्हटलं की डाऊन. आमच्या खारपाणपट्ट्यातल्या म्हाताऱ्या बायांना सर्व्हर म्हणजे नेमकं काय असतं ते ठाऊक नाही. पण तो काल दुपारी बसला, सकाळी घटकाभर उठला होता, रात्री अकरानंतर जरा बरा असतो, हे सगळं त्यांना घरच्या आजाऱ्यासारखं ठाऊक असतं. एका आजीनं मला कळवळून विचारलं होतं, "मंग त्याले अमरावतीले काऊन नाही नेत बाप्पा?"

अशा गावात एक माणूस स्वतःच्या पैशानं, पूर्ण शुद्धीत, सर्व्हरचा प्रोसेसर विकत घेतो, ही गोष्ट सांगण्यासारखी आहे. ते गृहस्थ आमचे साडभाऊ.

साडभाऊंचं दुकान बसस्टँडकडं जाणाऱ्या रस्त्यावर आहे. दुकान आठ बाय दहाचं, पाटी मात्र बारा फुटांची. झेरॉक्स, लॅमिनेशन, मराठी-इंग्रजी टायपिंग, पासपोर्ट फोटो, सातबारा, आठ-अ, पीक विमा, पॅन कार्ड, 'सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील' एवढं लिहून झाल्यावरही पेंटरकडं कोपऱ्यात जागा उरली, म्हणून तिथं 'राख्या (सीझनमध्ये)' असंही लिहिलेलं आहे. या सगळ्या उलाढालीचा भार गेली बारा-तेरा वर्षं एका सेलेरॉन प्रोसेसरवर होता. दर दसऱ्याला झेंडूचा हार आणि हळदकुंकू खाऊन त्याच्या डब्याचा रंग मूळचा काळा होता की तांबडा, हे सांगणं अवघड झालं होतं.

सकाळी दहाला साडभाऊ बटण दाबत. मग दुकान झाडत, पाणी शिंपडत, गणपतीला अगरबत्ती लावत, समोरून चहा मागवत, पीत आणि कप परत पाठवत. तोवर पडद्यावर खिडकीचं चित्र येई. एखादी फाइल उघडायला सांगितली की सेलेरॉन आधी विचार करी. दोनदा क्लिक केलं की रुसे, तीनदा केलं की पडदा पांढरा करून बसे.

आम्हाला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं, कारण आमची वाढच शकुंतलेत झालेली. किलिक निक्सन या विलायती कंपनीची ही अडीच फुटी रुळांची गाडी मूर्तिजापूरहून निघून दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरला पोचायची. ७६ किलोमीटरला चार तास. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्ये तयार झालेलं आणि इथला कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरकडंच धाडायच्या धंद्याला जुंपलेलं. ते १९२३ पासून १९९४ च्या एप्रिलपर्यंत राबलं, तेव्हा कुठं डिझेल आलं. गाडीतून उतरून, धुऱ्यावर जाऊन येऊन, पुन्हा तोच डबा धरणारे लोक आम्ही. आम्हाला सेलेरॉनची घाई कुठून असणार?

पण १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० कडे बघणं थांबवलं. विंडोज ११ घ्या, आणि ते तुमच्या यंत्रावर चालणार नाही, म्हणून यंत्रही नवं घ्या, असा निरोप पडद्यावर यायला लागला. हा निरोप वाचून पूर्ण व्हायच्या आत सेलेरॉन पडदा पांढरा करत असे, म्हणून साडभाऊंना तो समजायला आठवडा लागला.

मग दुकानासमोरच्या चहाच्या गाड्यावर बैठक बसली. हार्डवेअरवाला आला. अख्ख्या तालुक्यातल्या डब्यांची धूळ त्याच्या फुंकरीनं उडते. बोलतो मात्र मोजकं. म्हणाला, "आय-थ्री घ्या. बाराव्या पिढीचा. सोळाची रॅम, एसएसडी टाका. मोकळे व्हा." आणि आलुबोंड्याकडं वळला.

ज्या सल्ल्याला दोन मिनिटंही लागत नाहीत त्यावर आमच्याकडं कोणाचा विश्वास बसत नाही. त्यातून साडभाऊंचा पोरगा दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आलेला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. पुण्यात त्याच्या 'हाये'चं 'आहे' झालंय, पण चिडला की गडी मूळ पदावर येतो. "पप्पा, आय-थ्री? चार कोअर हाये त्यात. फक्त चार! घ्यायचं तर सर्व्हरचं घ्या ना!"

सर्व्हर! गाड्यावरचे चार-दोन लोक चहा थांबवून बघायला लागले. ज्या प्राण्यापायी आजवर रांगेत उभं राहिलो, तो विकत मिळतो ही बातमीच होती.

त्यानं मोबाइलवर एएमडीचा एपिक ९९६५ दाखवला. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला. कोअर १९२, थ्रेड म्हणजे धागे ३८४, वीज ५०० वॅट. आला तेव्हाची किंमत १४,८१३ डॉलर, तीही नुसत्या चिपची. मदरबोर्ड, रॅम, डबा वेगळे. वऱ्हाडात डॉलरचा हिशेब रुपयांत होत नाही, कापसात होतो. साडभाऊंनी वाया गेलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर गणित मांडलं. चिप आली तेव्हाच्या डॉलरच्या भावानं सुमारे साडेबारा लाख. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव होता क्विंटलला ८,११० रुपये. "एकशे चौपन्न क्विंटल," ते हळू आवाजात म्हणाले. कोरडवाहू वावरात एकरी पाच-सहा क्विंटल धरला तर पंचवीस-तीस एकरांचं पीक एका तळहाताएवढ्या चिपेत. "आणि हमीभाव भेटला त," मागून कोणीतरी दुरुस्ती केली. तिचे धागे तीनशे चौऱ्याऐंशी. आमच्या कापसाचा एकच, पण लांब.

एपिकचा विषय तिथंच संपला. पण 'सर्व्हर' हा शब्द साडभाऊंच्या मनात रुजला, हे माझ्या लक्षात आलं.

त्यांनी मला पंच नेमलं. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. शाखेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्या खोलीत चपला बाहेर काढून जाणाऱ्यांच्या पिढीतला. त्यामुळे यंत्राबद्दलचा आदर पायांतून आलेला. मी आपलं सोयरीक जुळवताना करतात तसं दोन्हीकडचं कूळ काढलं. कळलं ते असं, की सेलेरॉन आणि सर्व्हरवाला झिऑन हे एकाच घरचे. दोघंही इंटेलच्या पोटी १९९८ साली जन्मले, सेलेरॉन एप्रिलमध्ये आणि झिऑन जूनमध्ये. दोन महिन्यांच्या अंतरानं सख्खे भाऊ कसे, ते इंटेललाच विचारा. आतला गाभा दोघांचाही पेंटियम टूचाच. फरक पडला तो वाटणीत.

प्रोसेसरच्या हाताशी एक छोटी कोठी असते, तिला कॅश म्हणतात. रोकड नव्हे, पण महत्त्व तेवढंच. स्वयंपाक करणाऱ्या बाईला मीठ-मिरची ओट्यावर मिळाली तर काम झपाट्यानं होतं. फडताळातून काढावी लागली तर थोडा वेळ. माडीवरून आणायची तर जास्त. आणि दर चिमटीला बाजारात जायचं तर त्या घरात जेवण संध्याकाळीच. पहिल्या झिऑनला बापानं ५१२ केबी आणि एक एमबीची फडताळं दिली, तीही पूर्ण वेगानं धावणारी. पहिल्या सेलेरॉनला ओट्यावरचं मिठाचं सट दिलं. फडताळ मुळीच नाही. "म्हणजे धाकल्याले उघड्यावर सोडलं म्हणा ना," साडभाऊ म्हणाले. जन्मतारखेनं सेलेरॉनच मोठा, पण मान पाहून त्यांनी त्याला धाकला ठरवलं. त्यांच्या स्वतःच्या वाटणीची केस अजून चालू आहे. मी घाईनं सांगितलं की लोकांनी इतकी नावं ठेवली की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सेलेरॉन ३००-ए आला, १२८ केबीची कोठी घेऊन. आणि तो इतका गुणी निघाला की शौकीन मंडळी ३०० मेगाहर्ट्झच्या त्या गड्याला ४५० वर पळवायला लागली. पण साडभाऊंचं लक्ष गेलं होतं. त्यांना थोरला हवा होता.

आणि थोरला स्वस्तात मिळत होता, हीच तर गोम. मोठमोठ्या कंपन्या आपले सर्व्हर काही वर्षं वापरून काढून टाकतात. त्यांतले झिऑन सुटे करून बाजारात येतात, आणि त्यांच्यासाठी चिनी कारखाने एक्स-९९ नावाच्या पाट्या बनवतात. ई-फाइव्ह २६८० व्ही-फोर हा झिऑन २०१६ साली १,७४५ डॉलरचा होता. चौदा कोअर, अठ्ठावीस धागे, पस्तीस एमबीची कोठी. पोरानं शोधून काढला तो दीड-दोन हजार रुपयांत. निवृत्त कलेक्टर रोजंदारीवर मिळत असेल तर कोण सोडतो?

पंच म्हणून मी माझं म्हणणं मांडलं, ते नोंद असावी म्हणून इथं देतो. कापूस वेचायला चौदा माणसं लावली तर वावर लवकर मोकळं होतं, कबूल. पण वेचलेला कापूस बंडीत भरून जिनात न्यायचा, काट्यावर चढवायचा, पावती घ्यायची, हे काम एका बंडीनं एकाच रांगेत होतं. समजा सगळ्या कामाला एकट्याला दहा तास लागतात. नऊ वेचणीचे, एक जिनातला. चौदा माणसं लावली तर वेचणी एकोणचाळीस मिनिटांत, पण जिनातला तास तो तासच. म्हणजे माणसं चौदापट, काम सहापटच लवकर. एकशे ब्याण्णव माणसं आणली तरी साडेनऊपटच. आणि अख्खा तालुका वावरात उतरवला तरी दहापटीच्या वर जात नाही, कारण काटा एकच. ही गोष्ट १९६७ साली एका अमेरिकन अभियंत्यानं कॉम्प्युटरबद्दल मांडली, आणि त्याचं नाव काय असावं? जीन अॅमडाल. नाव जीन आणि गोष्ट जिनाची. एवढा योग जुळून आल्यावर तरी आमच्या लोकांनी ऐकायला हवं होतं.

"आणि तुमच्या दुकानात वेचणी हायेच कुठं?" मी म्हणालो. एक माणूस येतो, एक फॉर्म भरतो. सगळं जिनातलंच काम. त्याला एकच बैल लागतो, पण पळणारा. आय-थ्री १२१०० चे कोअर चारच, पण एकेक ४.३ गिगाहर्ट्झपर्यंत पळतो. हा झिऑन ३.३ पर्यंत. तो साडेबारा लाखांचा एपिकसुद्धा ३.७ ला थांबतो. शंकरपटात चौदा बैल जुंपून कोणी जिंकलंय का आजवर? सर्व्हरचं काम एकाचं काम लवकर उरकणं नाही. हजार जणांनी एकदम दार वाजवलं तर कोणाला उपाशी न धाडणं, हे त्याचं काम. तो पंगतीचा आचारी. त्याची जागा नवी मुंबईत ऐरोलीकडच्या त्या थंडगार इमारतींत आहे. नवराबायकोच्या दोन भाकरींसाठी आचारी बोलवायचा, तर भांडी घासताना मोलकरीण पळून जाईल.

हार्डवेअरवाला मान हलवत होता. साडभाऊही वळायच्या बेतात होते. तेवढ्यात पोरानं हुकमाचं पान टाकलं. "मावसाजी, विजय भटकर कुठले?"

झालं. भटकर आमच्या शेजारच्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे. अमेरिकेनं क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायला आढेवेढे घेतले, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक निघालं आणि भटकरांच्या हाताखाली १९९१ साली परम ८००० उभा राहिला. "मुरंब्याचा माणूस सुपरकॉम्प्युटर करते, आन् आपण दर्यापूरचे आय-थ्री घ्यावं?" पोरगं म्हणालं. मुरंब्याचं नाव निघाल्यावर साडभाऊंची छाती जी फुगली ती खाली येईना. मी सांगायचा प्रयत्न केला, की परममध्ये अजस्र असा एक प्रोसेसर नव्हताच. ट्रान्सप्युटर नावाच्या छोट्या, स्वस्त, विलायती चिपा होत्या, चौसष्ट. आणि भटकरांची करामत त्यांना एका जुवाखाली चालवण्यात होती. सांड नव्हता तो, चौसष्ट गोऱ्हे होते. शिवाय त्यांना हवामानासारखी गणितं सोडवायची होती, पॅन कार्डची चौकट भरायची नव्हती. पण अभिमानापुढं तपशील टिकत नाही. ऑर्डर गेली.

आठवड्यानं पार्सल आलं. बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला झिऑन साडभाऊंनी दोन्ही हातांनी घेतला, गणपतीपुढं ठेवला. मागं कुठल्याशा मोठ्या कंपनीत आठ-नऊ वर्षं नोकरी करून आलेला. अंगावर जुन्या लेपाचे वाळके डाग. हार्डवेअरवाल्यानं तो उलटा करून पाहिला, फडक्यानं पुसला आणि विचारलं, "कूलर?"

वऱ्हाडात हा प्रश्न कोणी कोणाला विचारत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास घुटमळतो, त्यामुळे ज्याच्या घरी देव नाही त्याच्याही घरी कूलर असतो. साडभाऊंनी अभिमानानं कोपऱ्यातल्या पत्र्याच्या धुडाकडं बोट दाखवलं. "हाय ना. ताट्याही नव्या टाकल्या औंदा." हार्डवेअरवाल्यानं तोंडात आलेलं परत गिळलं. आय-थ्रीच्या डब्यात त्याचा पंखा सोबत येतो. झिऑन लग्नात आलेल्या जावयासारखा मोकळ्या हातांनी येतो. १२० वॅटच्या त्या जावयासाठी वीतभर उंचीचा वेगळा कूलर आणावा लागला. पाण्याचेही कूलर येतात, असं पोरानं सांगितलं, तेव्हा साडभाऊंनी निक्षून नकार दिला. आमच्या पाण्यानं ताट्यांवर एका मोसमात मिठाची खपली धरते. त्या खपलीचा हिशेब प्रोसेसर बनवणाऱ्यांनी धरलेला नसावा.

कूलर बसला. सर्व्हरची रॅम बसली. ही रॅम म्हणे चूक झाली तर स्वतःच दुरुस्त करते. ऐकून रांगेतल्या एका शेतकऱ्यानं कागद पुढं केले. आधारवर त्याच्या नावापुढं 'राव' होतं, सातबाऱ्यावर नव्हतं. त्याला समजावलं की बाबा, ही रॅम एखादा बिट उलटला तर सुलटा करते, तलाठ्यानं ठेवलेलं नाव सुधारत नाही.

बटण दाबलं. पंखा असा घोंघावला की मळणी यंत्र सुरू झालं समजून दोन कोंबड्या पळाल्या. सगळे पडद्याकडं बघत बसले. पडदा काळा. पाच मिनिटं झाली, दहा झाली. साडभाऊ सेलेरॉनच्या सवयीनं निवांत होते. त्यांनी चहा मागवला. कप परत गेला तरी पडदा काळाच. "काऊन बे?" त्यांनी पोराला विचारलं. पोरानं मोबाइलमध्ये डोकं घातलं. शेवटी हार्डवेअरवालाच म्हणाला, "याच्यात चित्र काढायचं सामानच नाही. सर्व्हरले कोण पाह्यते?"

खरं होतं. आय-थ्री १२१०० च्या पोटातच चित्र दाखवायची सोय असते. हा झिऑन जन्मभर कपाटात राहिलेला. त्याला कोणी तोंड दाखव म्हटलंच नव्हतं. त्यासाठी ग्राफिक्स कार्ड वेगळं. ते आणायला पोरगं अमरावतीला गेलं. स्वस्तातला कलेक्टर आतापर्यंत बंगला, शिपाई आणि गाडी मागून झाला होता. साडभाऊंनी झेरॉक्सच्या पाठीवर बेरीज केली आणि तो कागद घडी करून खिशात ठेवला. मावशीबाईंना, म्हणजे आमच्या मेहुणीला, तो अजून दाखवलेला नाही.

पडदा उजळला. विंडोज ११ घालायला घेतलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टची यादी निघाली. त्या यादीत हा झिऑन नाही. ज्या कारणासाठी सेलेरॉनला निवृत्त केलं, त्याच कारणासाठी हाही आधीच निवृत्त. पोरानं काहीतरी आडवाटेनं विंडोज घातलं. कसं ते मी विचारलं नाही, बँकेतल्या माणसानं काही गोष्टी विचारू नयेत. हार्डवेअरवाला या सर्व काळात एकदाही 'मी म्हणत होतो' असं म्हणाला नाही. त्या संयमाबद्दल मला तो फार मोठा माणूस वाटतो.

आता कौतुकाचा दिवस. पोरानं टास्क मॅनेजर उघडून दाखवला. पडद्यावर अठ्ठावीस चौकोन! लोक झेरॉक्स विसरून बघत राहिले. साडभाऊंनी एक अर्ज टाइप केला. एखाद-दुसऱ्या चौकोनात इवलीशी टेकडी उठली, पुन्हा निजली. बाकीचे चौकोन आमच्या पूर्णाकाठच्या जमिनीसारखे सपाट. "बाकीचे काय करून राह्यले?" एका म्हाताऱ्यानं विचारलं. "वाट पाहून राह्यले," पोरगं म्हणालं. म्हातारा समाधानानं मान हलवून म्हणाला, "आपल्यासारखेच."

तेवढ्यात एक बाई आल्या. कुठल्याशा योजनेची केवायसी करायची होती. साडभाऊ सरसावून बसले. नव्या यंत्राचं पहिलं गिऱ्हाईक. पोर्टल उघडलं. म्हणजे उघडायला लागलं. गोल फिरत राहिला. अठ्ठावीस धाग्यांचा झिऑन, शेजारी मळणी यंत्रासारखा पंखा, आणि सगळ्यांचे डोळे त्या एका फिरणाऱ्या गोलावर. अखेर पान आलं. अंगठा मागितला. बाईंनी लुगड्याला हात पुसून अंगठा टेकवला. नाही उठला. तेल लावून पाहिलं, ओल्या फडक्यानं पुसून पाहिलं, दुसरा हात, तर्जनी. चाळीस वर्षं बोंडातून कापूस ओढणाऱ्या बोटांवर रेषा कुठून राहणार? काचेवरचा लाल दिवा लागायचा आणि विझायचा. मग ओटीपीचा मार्ग काढला. ओटीपी ज्या नंबरवर जायचा तो मोबाइल मुलाकडं, मुलगा सुरतेला कारखान्यात, कामावर मोबाइल बाहेर ठेवायला लावतात. संध्याकाळी सहाला त्याची सुट्टी. बाई पायरीवर बसून राहिल्या. सहाला ओटीपी आला. तो सांगून होईपर्यंत पडद्यावर पाटी लागली. काय लिहिलं होतं ते दर्यापूरकरांना सांगायला नको.

त्या दिवशी अठ्ठावीसपैकी किती धागे लागले असतील, याचा हिशेब मी काढला नाही. साडभाऊंनीही नाही.

झिऑनचं पुढं भलं झालं, हे सांगितलं पाहिजे, नाहीतर वाचक त्याला उगाच नावं ठेवतील. दोन दुकानं सोडून एक फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईत त्याच्याकडं व्हिडिओचा ढीग. हळदीपासून पाठवणीपर्यंत चार-चार तासांचा सोहळा, नवरीच्या डोक्यावरून पडणाऱ्या गुलाबपाकळ्यांसकट. तो एकजीव करून निघायला त्याच्या यंत्राला रात्र पुरत नसे. पोरानं एका रात्री ते काम झिऑनवर लावून पाहिलं. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस चौकोन काठोकाठ भरले. एकही रिकामा नाही. वेचणीचं काम भेटलं होतं गड्याला. प्रत्येक धाग्याला आपापली तास मिळाली होती. साडभाऊ रात्री अकरापर्यंत ते चौकोन बघत उभे होते. डोळे भरून आले होते, पण ते पंख्याच्या वाऱ्यानं, असं ते म्हणतात.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओवाल्यानं झिऑन कूलर-कार्डासकट उचलला. किती तोटा झाला ते त्या घडी केलेल्या कागदालाच ठाऊक. साडभाऊंच्या दुकानात आता आय-थ्री १२१०० आहे, सोळाची रॅम, एसएसडी. बटण दाबल्यावर पंधरा सेकंदांत तयार होतो. त्यानं एकच अडचण केली आहे. झाडलोट, अगरबत्ती आणि चहा यांना आता वेळ मिळत नाही, म्हणून साडभाऊ दुकान अर्धा तास आधी उघडून हे सगळं उरकतात आणि मगच बटण दाबतात.

म्हणून दर्यापूर-बनोसा आणि आसपासच्या गावांतल्या मंडळींना विनंती. दुकान साडेनऊला उघडतं, रविवारी दुपारी एकपर्यंत. येताना आधार, बँकेचं पासबुक आणि ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो मोबाइल, मुलाकडं असेल तर मुलासकट, सोबत आणा. प्रोसेसरचं आम्ही पाहून घेतलं आहे.